वजन घटलं, म्हणून गोळी कमी केली

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
सर्व जिल्हा क्षयरोग अधिकारी,
आणि गावोगावी छातीचे पेशंट तपासणारे डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी माढा तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचा सचिव आहे. माझी बायको गावची आशा होती. २०२४ च्या गुढीपाडव्यानंतर थोड्याच दिवसांत ती फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेली. कॅन्सर आहे हे कळायच्या आधी कित्येक महिने ती टीबीच्या गोळ्या घेत होती. ज्या गोळ्या तिनं वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या दारात नेऊन दिल्या, त्याच.

कुणा एका डॉक्टरवर ठपका ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यातल्या प्रत्येकानं आपापल्या खुर्चीत बसून आपापलं काम केलं, हे मला मान्य आहे. मागणं एकच आहे. संशय आल्यापासून निदान पक्कं होईपर्यंत मधे जो काळ जातो, त्या काळात पेशंट कुणाचा, हे सरकारनं ठरवावं. त्या काळाला मुदत घालावी, एक माणूस जबाबदार धरावा आणि खर्चाची सोय लावावी. आज त्या काळात पेशंट कुणाचाच नसतो. आम्ही तो काळ काढलाय, म्हणून सांगतो.

२०२३ चा पावसाळा आमच्याकडे कोरडाच गेला. त्याच पावसाळ्यात तिला खोकला लागला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हे ती गावाला सांगत आलेली. तिनं स्वतःची थुंकीची डबी स्वतःच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन दिली. थुंकी निगेटिव्ह आली. औषधं झाली, खोकला गेला नाही. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा एक्स-रे काढला. उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी झालं होतं. शहरातल्या छातीच्या डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं, पिवळसर होतं. ते तीन तपासण्यांना गेलं. सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी तपासणी, निगेटिव्ह. एडीए, म्हणजे टीबीत पाण्यात वाढणारं एक द्रव्य, वाढलेलं. आणि तिसऱ्या कागदावर, म्हणजे पाण्यातल्या पेशींच्या तपासणीत, एक ओळ होती: काही पेशी वेगळ्या दिसतात, इतर तपासण्यांशी ताडून पाहावे.

टीबी ठरला. एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स, सुरू झाली.

इथं मी डॉक्टरांच्या बाजूनं बोलतो. जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. आपल्या भागात छातीत पाणी झालं आणि त्यात एडीए वाढलेलं निघालं, तर बहुतेक वेळा तो टीबीच असतो. छातीतल्या पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात, त्यामुळे तिथं सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. जंतू सापडेपर्यंत थांबलं तर माणसं दगावतील. म्हणून लक्षणं, एक्स-रे आणि पाण्याची तपासणी पाहून औषध सुरू करायला सरकारच्या टीबी कार्यक्रमातच परवानगी आहे. निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर अशा पेशंटची नोंद वेगळी होते: जंतू सापडलेले वेगळे, डॉक्टरांच्या अंदाजानं ठरवलेले वेगळे. त्या दिवशी त्या डॉक्टरांच्या जागी दुसरे कुणी असते तरी बहुधा त्यांनीही एकेटीच लिहिली असती.

पण तो अंदाज होता. आणि अंदाज बरोबर की चूक हे कधी तपासायचं, कुणी तपासायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. माझी सगळी तक्रार या एका रिकाम्या जागेबद्दल आहे.

टीबीच्या गोळ्या वजनावर असतात, हे आपल्याला सांगायला नको. ५० ते ६४ किलो असेल तर रोज चार, ३५ ते ४९ असेल तर तीन. औषध सुरू झालं तेव्हा ती ५३ किलोची होती, म्हणून चार गोळ्या. लघवी नारिंगी झाली तेव्हा ती हसली होती, कारण हेच तिनं कितीतरी पेशंटांना आधी सांगून ठेवलेलं असायचं, की घाबरू नका. पहिले काही दिवस ताप उतरला. आम्हाला वाटलं लागू पडलं. मग पाणी पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. टीबीचं औषध सुरू झाल्यावर सुरुवातीला पाणी वाढू शकतं, असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि ते खोटं नाही, तसं होतंही. कोर्स पूर्ण करा, मधे सोडू नका, वेळ लागतो. हीच वाक्यं ती स्वतः लोकांना सांगत होती.

दोन महिने झाले. औषधाचा पहिला टप्पा संपला, दुसरा सुरू व्हायचा होता. वजन केलं. ४८ भरलं. कार्डावर ४८ लिहिलं गेलं आणि चार गोळ्यांच्या तीन झाल्या.

घरी आल्यावर तिनं गोळ्यांचं पाकीट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, “अहो, औषध लागू पडलं असतं तर वजन वाढलं असतं. मी काय नवी हाय का यात?”

तिच्या आशा डायरीत टीबीच्या पेशंटांची एक यादी होती. प्रत्येकाच्या नावापुढं महिन्याचं वजन. बरं होत जाणाऱ्या पेशंटचे आकडे चढत जातात: ४१, ४२, ४४. शेवटचं नाव तिनं स्वतःचं लिहिलं होतं. त्यापुढचे आकडे उतरत गेलेले आहेत. ती डायरी आजही माझ्याकडे आहे. हवी असेल तर झेरॉक्स पाठवतो. मला ती कुणाला लाजवायला दाखवायची नाही. आठवी शिकलेल्या बाईला पेन्सिलनं लिहिलेल्या चार आकड्यांत जे दिसलं, ते सरकारच्या कॉम्प्युटरलाही दिसू शकतं, एवढंच मला सांगायचंय. वजन तिथंही भरलं जातंच. यंत्रणेला तिचं वजन घटलेलं दिसलं होतं. फक्त त्यावरून तिला एवढंच सुचलं, की एक गोळी कमी करायची.

आमच्या संकलन केंद्रावर दुधाचा नमुना मशीनला लागत नसेल, फॅट एक सांगतंय आणि लॅक्टोमीटरची डिग्री दुसरंच सांगतेय असं झालं, तर आम्ही अंदाजानं भाव लावून महिनाभर ते दूध घेत बसत नाही. कॅन बाजूला ठेवतो, दुसरा नमुना काढतो, आणि त्या शेतकऱ्याला सांगतो की तुझ्या दुधाचं अजून ठरलेलं नाही. तीस-पस्तीस रुपये लिटरच्या मालाला जी शिस्त आहे, ती माणसाच्या छातीतल्या पाण्याला असावी, ही मागणी मोठी आहे का?

पुढचं भराभर घडलं. दिवाळीच्या सुमाराला पाठ दुखायला लागली. मग मानेत, हाडाच्या वर, गाठ हाताला लागली. तीही आधी टीबीचीच गाठ असेल असं दोघांनी सांगितलं. तिसऱ्यानं सुई घालून नमुना घेतला. रिपोर्ट आला: कॅन्सर आहे, पण दुसरीकडून पसरून इथं आलेला. मूळ कुठं आहे ते शोधा.

ते शोधणं कसं असतं, हे ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांना कळणार नाही. कॅन्सर आहे हे कळलंय, औषध सुरू करता येत नाही, कारण कुठला कॅन्सर ते कळलेलं नाही. छातीचं औषध वेगळं, पोटाचं वेगळं, अंडाशयाचं वेगळं. रक्तातली सीए-१२५, म्हणजे कॅन्सरची एक खूण, वाढलेली निघाली म्हणून अंडाशयाकडे बोट गेलं. मग कळलं की छातीत नुसतं पाणी असलं तरी ती वाढते, टीबीतही वाढते. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, पोटाची दुर्बीण, सीटी. प्रत्येक तपासणी वेगळ्या इमारतीत, कधी वेगळ्या गावात. प्रत्येक ठिकाणी तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची. प्रत्येक ठिकाणी फाइल वरून चाळली जायची. आणि पहिल्या पाण्याचा तो तिसरा कागद, ज्यावर ‘काही पेशी वेगळ्या दिसतात’ असं लिहिलं होतं, तो सगळ्यात शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वाचला. फाइल मांडीवर घेऊन, पहिल्या पानापासून. त्यांनी विचारलं, “हे कुणी पाहिलं होतं का?” तो कागद लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट एका गावात, पाणी काढणारा डॉक्टर दुसऱ्या गावात, गोळ्या देणारं केंद्र तिसऱ्या गावात. तिघांचं एकमेकांशी कधी बोलणंच झालं नव्हतं.

मूळ ओळखायला त्या पेशींवर वेगवेगळे रंग चढवून पाहतात, त्याला आयएचसी म्हणतात, हे मी तेव्हा शिकलो. टीटीएफ-१ नावाचा रंग चढला तर बोट फुफ्फुसाकडे जातं. पण सुईनं काढलेल्या चार थेंबांवर ते सगळं होत नाही. त्याला मांसाचा तुकडा लागतो, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला. आमच्याकडे तुकडा नव्हता. म्हणून बायोप्सी. पहिल्या वेळी नमुना अपुरा आला. दुसऱ्या वेळी पुरला, पण जेमतेम. त्यावर एकामागून एक रंग चढवत शेवटी ठरलं, की हा फुफ्फुसाचाच कॅन्सर आहे, ॲडेनोकार्सिनोमा.

तिनं आयुष्यात विडी ओढली नाही, मिश्रीसुद्धा लावली नाही. लग्नानंतर बरीच वर्षं मात्र चूल फुंकली. गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका ओळखायचा, फॉर्म ती भरायची, त्यात स्वयंपाकाला कुठलं इंधन वापरता हा प्रश्न आहे. लाकूड, काडीकचरा, शेणी, गॅस. शेकडो घरांची उत्तरं तिनं भरली असतील. त्या फॉर्मवरून पुढं तपासणी होते ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. ती व्हायलाच हवी, तीही धड सगळीकडे होत नाही. पण न ओढणाऱ्या बाईला फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, हे आमच्या भागातल्या कितीतरी दवाखान्यांत अजून कुणाच्या डोक्यातच येत नाही.

फुफ्फुसाच्या या प्रकारात एक जनुकाची तपासणी असते, ईजीएफआरची. आपल्या देशात अशा चार-पाच पेशंटांपैकी निदान एकात तो बदल सापडतो, आणि सापडला तर सलाइनच्या केमोऐवजी रोजची गोळी चालते. ती गोळी आता देशी कंपन्यांचीही मिळते. न ओढणाऱ्या बायकांत तो बदल सापडायची शक्यता जास्त. म्हणजे तिच्यात असण्याची शक्यता चांगलीच होती. तपासणी सांगितली गेली. पण ठोकळा रंग चढवण्यातच संपला होता. उरलेला माल अपुरा आहे, असं उत्तर आलं. पुन्हा बायोप्सी करायची तर तिच्यात ताकद उरली नव्हती. केमोचा एक डोस झाला, तो तिला झेपला नाही.

तिच्यात तो बदल होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही. पॅथॉलॉजीच्या लोकांना माझी हात जोडून विनंती आहे: असा संशयाचा पेशंट आला की नमुना घेतानाच पुढच्या सगळ्या तपासण्यांचा विचार करा. तुकडा पुरेसा घ्या आणि काटकसरीनं वापरा. आणि ठोकळा, नमुना लावलेल्या काचा पेशंटनं मागितल्या तर लगेच द्या. आमच्या एका ठिकाणी त्या मिळवायला अर्ज, मग सही, मग साहेब रजेवर, असं झालं. ते तिच्या अंगातलं मांस होतं.

आता खर्चाचं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव दिलं, पुढं आयुष्मान भारतशी जोडली, आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर नेली. चांगली योजना आहे. तिच्या जिवावर आमच्या गावातली किती तरी ऑपरेशनं झाली, आणि कार्ड काढायला लोकांच्या मागं लागणारी माझी बायकोच होती. पण ही योजना सुरू होते निदान झाल्यावर. कॅन्सरचं पॅकेज मंजूर व्हायला बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो. आणि तो रिपोर्ट हातात यायच्या आधीचं सगळं, सीटी, सुई, बायोप्सी, रंग, परत बायोप्सी, गाडीभाडं, लॉज, हे घरचं. आयुष्मान भारतमध्ये भरती व्हायच्या आधीच्या ३ दिवसांच्या तपासण्या धरतात. तीन दिवसांत ज्याचं निदान होतं त्याचं नशीब थोर म्हणायचं. ज्याचा आजार सोपा, त्याच्या खिशाला झळ कमी. ज्याचा आजार सापडत नाही, तो उपचाराच्या दारात पोचेपर्यंत रिकामा होतो. आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढलं. काही जण इथंच थांबतात आणि माघारी घरी जातात. असे पेशंट कुठल्याच आकड्यात येत नसावेत, कारण निदानच झालेलं नसतं.

म्हणून शासनाला माझं पहिलं मागणं हे: कॅन्सरचा संशय सरकारी डॉक्टरनं लेखी नोंदवला की तिथून पुढच्या निदानाच्या तपासण्या योजनेत धरा. शेवटी निदान टीबीचं निघो, कॅन्सरचं निघो, की काहीच न निघो. काहीच निघालं नाही तर चांगलंच आहे. ते पैसे वाया गेले असं हिशेबनिसानं म्हणू नये.

दुसरी गोष्ट सांगताना मला त्रास होतो, पण सांगतो. रिपोर्ट आला की डॉक्टर मला खूण करायचे. पेशंटला बाहेर बसवा. हे एकदा नाही, सगळीकडे झालं. नातेवाईकही तेच म्हणायचे, तिला सांगू नका, खचेल. माझ्या बायकोनं गावातल्या बायकांची बाळंतपणं निभावली, कोविडमध्ये घरोघर जाऊन ऑक्सिजन मोजला, मेलेल्यांच्या याद्या केल्या. तिला बाहेर बाकड्यावर बसवून आत माझ्याशी इंग्रजी-मराठीत कुजबुज. मी बाहेर आल्याबरोबर ती फाइल माझ्या हातातून घ्यायची आणि वाचायची. शेवटी तिनंच एका डॉक्टरांना विचारलं, “सर, तुम्हाला माहीत नाही, की तुम्ही सांगत नाही?” त्यांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली आणि म्हणाले, “अजून पक्कं माहीत नाही. माहीत आहे ते एवढं, आणि माहीत नाही ते एवढं.” दोन बोटांवर मोजून सांगितलं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी झोपली. सगळ्या धावपळीत तिला कुणी दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती, आणि त्या गोष्टीला एक रुपया खर्च नव्हता.

ती वाचली असती असं मी म्हणत नाही. फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी आल्या म्हणजे आजार चौथ्या टप्प्याचा, हे मला नंतर नीट समजावून सांगण्यात आलं. म्हणजे पहिल्या दिवशी कळलं असतं तरी ती पुढंमागं गेलीच असती. हे ऐकून काही लोक मला म्हणाले, मग एवढा त्रास कशाला करून घेता. त्यांना माझं उत्तर आहे. ज्या महिन्यांत तिच्या अंगात ताकद होती, ते महिने चुकीच्या औषधात गेले. योग्य औषध झेपेल अशा अंगानं ती उपचाराला गेली असती. आणि तिला वेळ कळली असती. मुलगी त्या वर्षी बारावीला होती. तिला पुढं काय करायचंय, पैसे कुठून येणार, शेताच्या उताऱ्यावर कुणाचं नाव, हे सगळं ती शांतपणे बसून ठरवणारी बाई होती. आम्ही त्या गोष्टी दवाखान्याच्या पायऱ्यांवर, दोन तपासण्यांच्या मधे, ती धापा टाकत असताना बोललो. माणूस राहणार नाही, हे सोसता येतं. किती दिवस राहील, याचा अंदाज असून तो कुणी उघड बोलायचा नाही, हे सोसवत नाही.

दुखण्याचंही तसंच. निदान नाही म्हणून दुखणं कमी करायचं धड औषध नाही, असं आमच्याबाबतीत महिनोन्‌महिने चाललं. पाठीच्या मणक्यात पसरलेलं होतं आणि ती साध्या गोळ्यांवर रात्र काढत होती. शेवटच्या आठवड्यांत तोंडानं घ्यायचं मॉर्फिन मिळालं, त्यानं दुखणंही कमी झालं आणि धाप लागल्याची भीतीही. कॅन्सर कुठला हे कळायच्या आधीही वेदना तीच होती. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली ती मॉर्फिन गरजूंना सहज मिळावं म्हणूनच ना? मग आमच्या तालुक्याच्या माणसाला ते कुठं मिळतं हे विचारत फिरावं का लागावं? वेदनाशमनाला रिपोर्टाची वाट पाहू नका. हे पुन्हा सांगतो, वेदनाशमनाला रिपोर्टाची वाट पाहू नका.

आमचा भाग या बाबतीत मागास आहे असं कुणी म्हणेल तर मला ते मान्य नाही. आमच्या शेजारी बार्शी आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत माणसं फिरली, लोकांशी बोलली, आणि त्या बोलण्यानंच बायका गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात यायला लागल्या. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखावर बायकांवर झालेल्या अभ्यासानं २००९ मध्ये जगाला दाखवून दिलं, की हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर येतात. हे काम आमच्या मातीत झालंय. ज्वारी काढणाऱ्या बायकांनी त्या अभ्यासाला आपलं अंग दिलंय. मग त्याच पट्ट्यातल्या बाईच्या छातीत पाणी झालं तर तिच्या फाइलीतला तिसरा कागद वाचायला इतके महिने का लागावेत?

आता टीबीच्या कार्यक्रमाकडे मागणं. निक्षय २०१२ पासून आहे. त्यात पेशंट अंदाजानं ठरवलेला आहे की जंतू सापडलेला, हे असतं. वजन असतं. या दोन गोष्टी एकत्र करा. जंतू सापडलेले नाहीत, औषध सुरू होऊन महिना झाला, आणि वजन वाढण्याऐवजी घटलंय, असा पेशंट दिसला की जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर लाल खूण यावी. त्या खुणेनंतर ठरलेल्या दिवसांत पुन्हा एक्स-रे, पुन्हा डॉक्टरांची तपासणी आणि गरज असेल तर सीटी आणि बायोप्सी झालीच पाहिजे, आणि न झाल्यास का नाही हे एका माणसानं सही करून लिहिलं पाहिजे. औषध बंद करा असं मी म्हणत नाही. बहुतेकांना टीबीच असेल, त्यांना औषध चालू राहू द्या. फक्त अंदाज तपासा. आणि अडलेल्या फाइली पुढं पाठवायला वाट करा. नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांना एकत्र बांधतंय, तिथले तज्ज्ञ अवघड केसवर ऑनलाइन बसून चर्चा करतात. तालुक्याच्या डॉक्टरला तिथवर फाइल पाठवायची सोय असेल, तर पेशंटला घेऊन मुंबईची रात्रीची गाडी पकडण्याआधीच निम्मं काम होईल.

आणि एक आकडा जाहीर करा. दरवर्षी, जिल्हावार: टीबी म्हणून औषध सुरू झालेल्या किती पेशंटांना शेवटी कॅन्सर निघाला आणि तो कळायला किती दिवस लागले. टीबी किती कमी झाला याचे फलक आमच्या ग्रामपंचायतीतही लागलेत. त्यांच्या शेजारी हा आकडाही लागू द्या. माझ्या बायकोची नोंद त्यात कुठं बसते, हे मला पाहायचंय.

हे पत्र लिहायला बसलो त्याला कारण आमची नवी आशा. पोरगी हुशार आहे. तिच्याकडे सध्या एक पेशंट आहे, त्याच्या थुंकीत काही निघालं नाही, गोळ्या चालू आहेत, आणि वजन उतरायला लागलंय. तिनं मला विचारलं, “काका, वजन घटलं तर मी फोन कुणाला करायचा?” मी तिला आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, त्यांनी पेशंटला सीटीसाठी लिहून दिलं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते आपल्याकडे आहे. त्या माणसाचा हुद्दा आणि फोन नंबर प्रत्येक टीबीच्या कार्डावर छापून द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एका आशा स्वयंसेविकेचा पती
माढा तालुका, जि. सोलापूर